अनोळखी १८७

सोमवारी दुपारी किटली झोपली, मी ओले हात टी-शर्टला पुसले, चौदा महिन्यांनी लॅपटॉप उघडला आणि बघते तर माझ्या यादीतल्या प्रत्येक गाण्यापुढे लाल उद्गारचिन्ह. एकदोन नव्हे, चार हजार एकशे बारा. कुणीतरी दार न वाजवता आत यावं आणि खोलीभर बसलेली माणसं दचकावीत, तशी सगळी गाणी माझ्याकडे बघून दचकलेली. मधोमध एक चौकट उघडली होती. फाइल सापडत नाहीत, यादीतून काढून टाकायच्या का. खाली 'हो' आणि 'नाही'. मी नाही दाबलं. विचार करून नव्हे. अकरा महिने घरातल्या चमच्याला, प्लगला, तोंडात चाललेल्या बटणाला नाही म्हणण्यात गेलेले. त्याच सवयीतून तो 'नाही' आला. पण दाबल्यावर बरं वाटलं. मोठ्या माणसाला नाही म्हटल्यासारखं वाटलं.

किटली हे तिचं खरं नाव नाही. रडायच्या आधी तिच्या नाकातून बारीक शिट्टी येते, वाफ कोंडल्यासारखी, म्हणून किटली. शिट्टी आली की माझ्या हातात सोळा सेकंद असतात. एकशे वीसच्या लयीत बत्तीस ठोके. तेवढ्यात पुढचं गाणं काढून, कानाशी लावून, लय जुळवून तयार उभं राहता येतं, हे मी सहा वर्षं केलेलं होतं, त्यामुळे बाटली तयार करताना माझा हात कधी कापला नाही. बाकी सगळं कापलं. बायका म्हणतात तुला काय, तू पहिल्यापासून निवांत आहेस. मी निवांत नव्हते, मी मोजत होते.

आणि सोमवारी दुपारी मोजायला तसंच कारण होतं. सकाळी टाकीवालीचा फोन आलेला. टाकी म्हणजे पूर्वीचा पोहण्याचा तलाव. पाणी काढून टाकलं, निळ्या टाइल्स तशाच ठेवल्या, आणि आता त्यात लोक शनिवारी दुपारी नाचतात. भिंतींवर खोलीचे आकडे अजून आहेत. लाजरे लोक उथळ भागात नाचतात, पट्टीचे खोल भागात. पूर्वी उडी मारायची फळी होती त्या जागी डीजेचं टेबल. तिथे मी सहा वर्षं उभी राहिले, शेवटी शेवटी पोट टेबलाला लागायचं म्हणून तिरकी. टाकीवाली फोनवर म्हणाली, "शनिवारी चार ते सहा तू ये. चष्मेवाला गावाला चाललाय. जमलं तर पुढेही तुझंच. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस, मी त्याचं कायम करून टाकते." चष्मेवाला म्हणजे माझ्या जागी आलेला. चांगला आहे म्हणे, सगळं आधी ठरवून आणतो, एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही. मी म्हटलं, जमेल. ती म्हणाली, "विचारून बघ घरी." मी म्हटलं, "घरी मीच असते, विचारलं."

तर गाणी नाहीशी झालेली नव्हती, हे मला पाच मिनिटांत कळलं. हे सॉफ्टवेअर गाणं स्वतःजवळ ठेवत नाही, गाण्याचा पत्ता ठेवतं. अमुक डिस्क, अमुक फोल्डर, अमुक नावाची फाइल. गाणं त्या पत्त्यावरून हललं की संपलं, शेजारच्या खोलीत असलं तरी ते म्हणणार सापडत नाही. बाकी सगळं त्याच्याजवळ शाबूत असतं. गाण्याची लांबी, लय, आणि मी अकरा वर्षांत एकेका गाण्यावर ठेवलेल्या रंगीत खुणा. लाल म्हणजे इथून आत शिरायचं, निळी म्हणजे इथून बाहेर पडायचं, पिवळी म्हणजे सावध. शेवटच्या रकान्यात माझी शेरेबाजी. तिसऱ्या मिनिटाला बाई खोकते. पहिली वीस सेकंदं नुसती खरखर, कंटाळू नये. हे लावलं की बारमधले लोक ग्लास खाली ठेवतात. गाणं नाही आणि गाण्याबद्दल आपण काय काय समजून बसलो होतो ते सगळं आहे, हे बघणं विचित्र असतं. पडद्यावर मी खुणांवरून बोट फिरवत गेले. त्या खुणा ठेवणारी बाई मला ओळखीची वाटली, पण जवळची नाही. तिची नखं वाढलेली असायची. तिला कुणी दुपारी अडीच वाजता विचारलं असतं, आता तू कुठे आहेस, तर तिला उत्तर आलं असतं.

पत्ता कुणी बदलला हे विचारावं लागलं नाही. माझा नवरा कवळ्या बनवतो. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, हा त्यावरून दात घडवतो; त्याच्या लॅबमध्ये एकशे साठ खण आहेत आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी. मी दवाखान्यात होते त्या आठवड्यात त्याने घर आवरलं. बाप होणारी माणसं काय काय करतात, याने खण केले. मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या, औषधांवर चिठ्ठ्या, आणि माझ्या तीन जुन्या डिस्क रिकाम्या करून सगळी गाणी एका नव्या कोऱ्या डिस्कवर. एवढ्यावर थांबला असता तर देव माणूस. नुसती जागा बदललेली असती तर सॉफ्टवेअरला नवा फोल्डर दाखवायचा आणि चहा होईपर्यंत सगळी उद्गारचिन्हं गळून पडली असती. पण त्याने गाणी ओळखणारं ॲप लावून प्रत्येक फाइलला खरं नाव दिलं. गायक, मग रेघ, मग गाणं. नावं बदलली म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी माणसंच बदलली. आणि जी गाणी ॲपला ओळखता आली नाहीत त्यांना त्याने अनोळखी म्हटलं. अनोळखी १ पासून अनोळखी ३१२ पर्यंत. ती माझी होती. भंगारवाल्यांकडून, बंद झालेल्या शाळांच्या कपाटातून, मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांकडून आणलेल्या तबकड्या. भाषा शिकवायच्या, टायपिंगच्या वर्गाच्या, कवायतीच्या. जगातल्या कुठल्याही ॲपला ज्या ठाऊक नाहीत आणि म्हणून मी डीजे होते, नुसती बटणं दाबणारी नव्हे.

संध्याकाळी तो बूट काढत होता तेव्हा मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "अगं, मला वाटलं तू परत बसशील तेव्हा सगळं नीट सापडावं."

"सापडतंय ना. फक्त ओळखू येत नाहीये."

"मग सोपं आहे. जुनी यादी पुसून टाक, ही सगळी नव्याने आत घे. दहा मिनिटांचं काम. मी करून देतो."

"आणि खुणा?"

"त्या परत ठेवशील. हातचा मळ आहे तुझ्या."

"तुझ्याकडे दुखरी दाढ घेऊन माणूस आला तर तू काय म्हणतोस? सगळे दात काढून टाका, कवळी दहा मिनिटांत देतो?"

"तसे येतात काही," तो म्हणाला. मग हसला, मग मी हसले, आणि हसताना मला कळलं की मी रागावलेली आहे आणि हा राग मला कुणालाही देऊन टाकायचा नाही. अकरा महिन्यांत मी सगळं वाटलं. झोप, दूध, आंघोळीची वेळ, ताटातला शेवटचा घास. हा राग मात्र माझ्या नावावर राहू दे. तो म्हणाला, "पण ते लाल लाल बघवत नाही गं." मी म्हटलं, "मग नको बघूस."

मंगळवारी किटली सव्वा वाजता झोपली. तिच्या झोपेचे दोन तुकडे असतात, दुपारचा चाळीस मिनिटांचा आणि संध्याकाळी पाचचा, तो कधी येतो कधी येत नाही. शनिवारपर्यंत फार तर आठ तुकडे. चार हजार सोडाच. दोन तासांना चाळीस गाणी लागतात, निवडायला म्हणून शंभर हाताशी हवीत, आणि त्यातली निम्मी तरी अनोळखीतली. नाहीतर मी चष्मेवाल्यासारखीच. तरी एकदा आशेने मी सॉफ्टवेअरला नवी डिस्क दाखवली आणि म्हटलं, शोध तुझं तू. पट्टी सरकत गेली. शेवटी लिहून आलं, तेवीस फाइल सापडल्या. तेवीस उद्गारचिन्हं खरोखरच गेली आणि ती सगळी माझ्या तबकड्यांवरची, त्यात 'बुडी' सुद्धा. मला इतका आनंद झाला की मी उठून दार लोटून आले.

'बुडी' हे मी दिलेलं नाव. ती शाळेच्या व्यायामशाळेतली कवायतीची तबकडी. वाजत वाजत येते आणि दोन मिनिटं दहा सेकंदांवर सगळं थांबतं, कारण त्या वेळी मुलांनी श्वास रोखून उभं राहायचं असे. अकरा सेकंद काही नाही. मग बेस परत येतो, खालून, जमिनीतून आल्यासारखा. ती मी टाकीत शेवटी लावायची. पहिल्यांदा लावली तेव्हा मीच हादरले होते, वाटलं वायर निसटली, म्हणून घरी येऊन शेऱ्यात लिहिलं: २:१० ला सगळं थांबतं. घाबरू नकोस, परत येतो. पुढे पुढे टाकीतल्या लोकांना ते ठाऊक झालं. थांबलं की ते खरोखर श्वास रोखत. पाणी नसलेल्या तलावाच्या तळाशी दीडशे माणसं गाल फुगवून उभी, आणि वर मी एकटी.

मी हेडफोन घातला आणि 'बुडी'ची पिवळी खूण दाबली. कानात किटली आली. रडणं नव्हे, श्वास. तीन आठवड्यांची असतानाचा तिचा श्वास, ओल्या कागदातून फुंकर मारल्यासारखा, दर वेळी वर चढताना अडखळणारा. मी कानावरून हेडफोन काढला आणि पाळण्याकडे बघितलं. ती उताणी झोपली होती, आवाज न करता. मला कळायच्या आत टी-शर्ट पुढून ओला झाला होता. अकरा महिन्यांनी, बाटलीवर आल्यानंतर दोन महिन्यांनी. शरीराला पत्ते बदललेले कळत नाहीत.

झालं होतं ते असं. तबकड्या मी एका हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर घ्यायची. यादीत मी काहीही नाव देऊ दे, फाइलला तो रेकॉर्डर ओळीने आकडे देतो, ००१, ००२. किटलीच्या श्वासाला आवाज यायचा तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करून आणा. नवऱ्याने रेकॉर्डरचं कार्ड कोरं केलं आणि तो पुन्हा ००१ पासून मोजू लागला. तेवीस श्वास. सॉफ्टवेअरला हवी होती ००७ नावाची फाइल, ती त्याला नव्या डिस्कवर किटलीच्या खणात, म्हणजे तिच्या फोल्डरात, मिळाली. त्याचं काही चुकलं नाही. नावाला नाव लागलं, त्याने सही करून माणूस ताब्यात दिला. आता माझ्या लाल-निळ्या खुणा तिच्या श्वासावर उभ्या होत्या. इथून आत, इथून बाहेर, इथे सावध. मी पुन्हा ऐकलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी श्वास थांबतो; बरोबर दोन-दहाला नाही, दोन-चौदाला. तेव्हा मी पहाटेच्या उजेडात तिच्यावर वाकून बसलेली असायची आणि ते चार-पाच सेकंद माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशातली कूर्चा कोवळी आहे, वाढली की आवाज जाईल, बाळ ठणठणीत आहे, तुम्ही जेवता का वेळेवर. आवाज गेलाही. पण त्या चार-पाच सेकंदांतून मी कधी बाहेर आले ते मला नीट सांगता येणार नाही, आणि समोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, घाबरू नकोस. ज्या बाईने ते लिहिलं तिला काय माहीत होतं घाबरणं. तिची वायर निसटली होती फक्त.

नवऱ्याला ऐकवलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभ्यानेच ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे मी लॅबमध्ये ऐकायचो. दात लावताना."

"कशाला?"

"थांबत नाही ना बघायला."

मी त्याच्याकडे बघितलं. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या खणांवर एवढ्या चिठ्ठ्या, या एकावर नाही. त्या वेळी तो पुढे काही बोलला नसता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं, पण तो म्हणाला, "तू हेच लाव ना शनिवारी. तुझ्या त्या थांबण्याच्या जागी. लोक रडतील." आणि गंमत म्हणजे अर्ध्या तासाने टाकीवालीचा फोन आला तेव्हा तिनेही तोच सूर लावला. ती दारावर लावायला कागद छापणार होती, दुधाच्या बाटलीला हेडफोन घातलेलं चित्र आणि खाली, आई परत आली. "गोड दिसतंय," ती म्हणाली. "लोकांना असलं आवडतं."

मी म्हटलं, "आई कुठे गेली नव्हती. डीजे गेली होती, ती येतेय."

"अगं, पण कौतुकच आहे ना."

"कौतुक घरी चालतं. तिथे माझं नाव टाक आणि वेळ टाक. बाटली काढ."

ती म्हणाली, "चष्मेवाल्याचे एवढे नखरे नसतात."

"त्याला कुणी दाढीचा ब्रश छापून देतो म्हणालं नसेल."

फोन ठेवला. मग मी बसून ते तेवीस श्वास एक एक करून माझ्या गाण्यांपासून सोडवले. सोडवला की उद्गारचिन्ह परत येई. तेवीस वेळा मी सापडलेलं गाणं पुन्हा हरवलं. किटलीचा श्वास किटलीचा आहे, तो तिने कुणाला नाचायला दिलेला नाही. मोठी झाली की तिला विचारीन, हवा असेल तर तिचा तिला देईन. लोकांना रडायचं असेल तर त्यांनी आपापल्या घरून रडणं आणावं.

बुधवारपासून सासूबाई आल्या. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि किटलीला सांभाळायला येतात, पण हात लावण्याआधी दारातूनच घरावर एक नजर टाकतात. मी जमिनीवर बसलेली, कानात हेडफोन, पुढ्यात यादी, एकेक अनोळखी उघडून मधूनच तीन सेकंद ऐकायची, ओळख पटली तर जोडायची, नाहीतर पुढे. सिंकमध्ये भांडी. त्या म्हणाल्या, "भांडी घासायला कान लागत नाहीत, ते एक बरं."

"आई, शनिवारपर्यंतच आहे."

"मी काही म्हटलं का? काय चाललंय ते तरी सांग."

मी सांगितलं. गाणी डिस्कवर आहेत, नावं इथे आहेत, कुठलं नाव कुणाचं ते ऐकल्याशिवाय कळत नाही. त्या हळूहळू माझ्याशेजारी बसल्या. सासूबाई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, वायरी खुपसून नंबर जोडून द्यायच्या त्या काळात. त्यांचा उजवा हात अजून बोलताना दोन बोटं जुळवून पुढे येतो, हातात वायर असल्यासारखा. त्यांनी दुसरा हेडफोन मागितला. मला वाटलं चार गाण्यांत कंटाळतील. अनोळखी ४१ ला त्यांनी बोट वर केलं. "ही तुझी खोकणारी."

"कुठे खोकली?"

"खोकायची आहे अजून. घसा खाकरतेय, ऐक." आणि ती खोकली.

तीन दिवस आम्ही दोघी जमिनीवर. किटली मध्ये, कधी झोपलेली, कधी जागी, हेडफोनची वायर चावत. मी शेरा वाचायची, त्या ऐकायच्या. ग्लास खाली ठेवणारं कुठलं ते त्यांना सांगून कळेना, पण लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, हे असेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं काम वाचून दाखवायला लावलं होतं. मधेच त्या म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हा यांच्या आईने विचारलं होतं, दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून तुला काय मिळतं. मी म्हटलं, पगार. त्यांना तेवढंच पटण्यासारखं होतं." मी विचारलं, "आणि खरं काय मिळायचं?" त्या म्हणाल्या, "शंभर वायरींचं जंजाळ समोर असायचं आणि कुठली कुणाची ते फक्त मला ठाऊक. आणखी काय मिळायला हवं?" आणि मग लगेच, आपण फार बोललो असं वाटून, "त्या भांड्यांना वास येईल आता."

शुक्रवारी संध्याकाळी एकशे एकोणीस गाणी जोडलेली होती. 'बुडी' नव्हती. माझे तीनशे बाराही अनोळखी उघडून झाले होते. नवरा म्हणाला, काखेत कळसा असेल, परत बघ. मी परत बघितलं. वेळ नव्हता म्हणून आता दोनच सेकंद, प्रत्येकाच्या मध्यावर. १८५. १८६. १८७ वर काहीच वाजलं नाही. तबकडी घेताना कधी कधी कोरी फाइल तयार होते, तशा पंधरावीस होत्या, हीही त्यातली म्हणून मी पहिल्या फेरीत सोडली होती. आताही पुढे जायला बोट ठेवलं, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब."

"कोरी आहे, आई."

"मेलेली लाइन अशी नसते." त्यांचे डोळे मिटलेले होते. "मेलेली लाइन सपाट असते. ही धरून ठेवलेली आहे. पलीकडे कोणी आहे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग कानातली रक्ताची धडधड निवल्यावर ऐकू आलं. मोठी खोली. खूप मुलं अंग न हलवता उभी असली की हवेचा जो एक भार येतो तो. लांब कुठे तरी एक बूट. आणि मग खालून, जमिनीतून, तो परत आला. माझ्या मांडीवर किटली होती, तिने दचकून माझ्याकडे बघितलं. मी रडले नाही. मी १८७ ला 'बुडी' जोडली, उद्गारचिन्ह गेलं, पिवळी खूण आपल्या जागी जाऊन बसली, दोन-दहा. सासूबाई हेडफोन काढत म्हणाल्या, "उद्या मी येते तिथे. बघू तरी माझा नंबर लागतो कुठे."

शनिवारी निघताना लॅपटॉप बंद करायला गेले तर चौकट पुन्हा उघडली. तीन हजार नऊशे ब्याण्णव फाइल सापडत नाहीत. काढून टाकायच्या का. नवरा किटलीला कडेवर घेऊन मागे उभा होता, त्याने वाचलं. या वेळी त्याने किटलीला फक्त दुसऱ्या कडेवर घेतलं. मी नाही दाबलं. त्या राहतील. एक एक करून आणीन, दुपारच्या तुकड्यांनी, पाच वर्षं लागली तर पाच. तोवर लाल दिसू देत. हरवलेलं आहे हे मला दिसत राहिलेलं चालेल, नव्हतंच असं दिसायला नको. किटलीच्या नाकातून शिट्टी आली. सोळा सेकंद होते. मी तिच्या टाळूवर ओठ टेकले आणि नवऱ्याने बाटली उचलली, आणि ठोके त्याचे त्याला मोजू देत म्हणून मी जिना उतरले.

टाकीच्या दारावर कागद होता. नाव आणि वेळ. बाटली नव्हती, पण कोपऱ्यात टाकीवालीने लहानसा बदाम काढलाच होता, तो मी राहू दिला. चौदा महिन्यांत लोक बदलले होते. निम्मे मला ओळखत नव्हते. पहिला अर्धा तास माझे हात कुणाचं तरी काम बघून बघून करणाऱ्या बाईच्या हातांसारखे चालत होते. एकदा निळी खूण चुकले आणि दोन गाणी एकमेकांवर आदळली, उथळ भागातली दोन पोरं हसली. मग खोकणारी लागली, मग कुणी तरी ग्लास खाली ठेवला, आणि मला माझी नखं आठवेनाशी झाली. पावणेसहाला मी 'बुडी' आत घेतली. ओळखणारे ओळखून खोल भागाकडे सरकले. बाकीचे नुसते नाचत होते. दोन-दहा आलं.

सगळं थांबलं. एक सेकंद पाय घसटत राहिले, मग तेही नाहीत. दोन. तीन. नवीन लोकांनी मान वर केली, त्यांना वाटलं बंद पडलं. टाकीवाली कडेने धावत येऊ लागली, वायर, वायर असं हाताने विचारत, आणि आवाजवाला माझ्या मागून पुढे झुकून मिक्सरकडे हात नेऊ लागला, तेव्हा मी त्याच्या आणि बटणांच्या मध्ये उभी राहिले. पाच. मी माझे दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि सगळ्यांना दिसतील असे वर धरले, रिकामे. सहा. सात. खाली निळ्या टाइल्सच्या तळाशी जुन्या लोकांनी गाल फुगवले होते, नवे त्यांच्याकडे बघून फुगवत होते. दीडशे चेहरे वर, माझ्याकडे. फक्त सासूबाई वर बघत नव्हत्या. त्या शिडीजवळ पर्स काखेत धरून उभ्या होत्या, डोळे मिटून, उजव्या हाताची दोन बोटं जुळवून हवेत धरलेली, त्यात वायर नव्हती. त्यांनी लाइन सोडलेली नव्हती. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मोजायचं सोडून दिलं.